शेजारणीची पोरं

आष्ट्याहून लग्न होऊन मी या डोंगरावर आले, तेव्हा पहिले काही महिने मला गावच सापडलं नव्हतं. आमच्याकडे वेशीत उभं राहिलं की गाव दिसतं. पाटणच्या वरच्या अंगाचं हे गाव मात्र डोंगरभर सांडलेलं. चार घरं वरच्या सपाट सड्यावर, चार ओढ्यापलीकडे, उरलेली कड्याखाली. पलीकडच्या वाडीला हाक मारली की लगेच ओ येई, पण जायचं तर उतरून पुन्हा चढावं लागे आणि पोचेपर्यंत घशाला कोरड पडे. एवढ्या वाड्यांत माणसं राहतात तरी किती, असं मी सासूबाईंना विचारलं. माणसं कुणी मोजतं का, म्हणाल्या.

साठ सालानंतर वर्षा-दोन वर्षांत ती मोजायची वेळ आलीच. वर शाळा हवी असेल तर गावात माणसं किती, पोरं किती ते कळवा, असं तालुक्याहून सांगणं आलं. सासरे सरपंच, सून सातवी पास, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मला ते हवंच होतं. माझी लेक शाळेच्या वयाची झाली होती आणि खालच्या शाळेची वाट पावसाळ्यात ओढ्यानं बंद व्हायची. वर शाळा झाली नाही तर तिला आष्ट्याला आजोळी ठेवायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

मी सगळ्या वाड्या पालथ्या घातल्या. जे हाती आलं ते अजबच होतं. मुंबईला गिरणीत गेलेले, पलटणीत गेलेले, सगळे बाप्ये बायकांनी घरातच धरले होते, कारण आपल्या माणसाला 'न्हाई' कसं म्हणायचं? पोरांचं नेमकं उलटं. आईनं आपली पोरं मोजली की दृष्ट लागते, म्हणून अंगणात तीन पोरं धुडगूस घालत असताना आई म्हणे, हाय की एखादं, देवाच्या दयेनं. मी चिडून एकदोघींना अडाणी म्हणाले. माझे मालकही फौजेत, नुकतेच रजा संपवून गेलेले. त्यांना मीही घरातच धरलं होतं, हे मागाहून ध्यानात आलं.

सासरे आकडे ऐकून हसले. म्हणाले, "आगं, ह्यात समदं बापय घरातच हाईत. मग पोरं कुठं गेली?"

आकडे तालुक्यालाही पटेनात, तेव्हा शेवटी तिथले साहेबच घाट चढून बघायला आले. देवळापुढं बायका पोरं घेऊन जमल्या. साहेबांनी पहिलीला विचारलं, तिनं पदर तोंडाला लावला. दुसरी जमिनीकडे बघत बसली. साहेब वैतागून उठायच्या बेतात होते आणि मला रडू कोसळायचंच बाकी होतं. तेवढ्यात आमची शेजारीण पुढं झाली.

"सायेब, आपली आपण मोजू न्हाई. पर हिची मी सांगते की," असं म्हणून तिनं बाजूच्या बाईकडे बोट केलं. "हिला चार."

मग त्या बाईनं पुढचीची सांगितली, पुढचीनं तिच्या जावेची. दुसरीची पोरं मोजायला कुणाचीच हरकत नव्हती. कुणाचं कुठलं, कोण थोरलं, कोण आजारी म्हणून घरी राहिलंय, सगळं भराभर बाहेर पडू लागलं. साहेबांना लिहिता लिहिता घाम फुटला. मग म्हणाले, एवढी पोरं असतील तर शाळा द्यावीच लागेल. मला हायसं वाटलं.

"आणि तुम्हाला किती?" त्यांनी मला विचारलं.

मी लेकीला नुसती पदराआड ओढून घेतली. शेजारणीनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "हिला दोन. एक ही, आन एक वाटंवर हाय."

ते मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, मालकांनाही कळवलं नव्हतं. सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. साहेबांनी हसून एकच लिहिलं.

"दोन लिवा, सायेब," शेजारीण म्हणाली. "त्याला बी आता हितंच शिकायचं हाय."