कुशाबाची तोस्तानं

भरे गावात कुशाबाला लोक ‘दारूगोळा’ म्हणत. त्यांचं तरी काय चुकलं? गडी दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचा आणि फौजेची जुनी तोस्तानं घेऊन यायचा. तोस्तान म्हणजे पट्ट्याला अडकवायची, काडतुसं ठेवायची चामडी पिशवी. घरात बंदूक नाही, काडतूस नाही. माळ्यावर तोस्तानांचा ढीग मात्र लागलेला.

वेड उगाच नव्हतं. कुशाबाचा बाप दुसऱ्या महायुद्धात गेला तो गेलाच. मागं फोटोही नाही. आई नवऱ्याचं नाव घेत नसे. कुणी विचारलंच तर त्याचा फौजेतला नंबर सांगायची, सात एक चार दोन. कुशाबाला बाप ठाऊक होता तो एवढाच. शिपाई आपला नंबर तोस्तानाच्या झाकणात शाईनं लिहीत, हे त्याला एका भंगारवाल्यानं सांगितलं आणि गडी नादाला लागला. बहुतेक झाकणांतले आकडे मळानं बुजलेले असत, तरी तो ती घेऊनच यायचा. परमुलखात मेलेल्याचं सामान इथं कसं येईल, असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, "असंल एकांदं."

२००६च्या भाद्रपदात एक मिळालं. झाकणात सात, मग एक, आणि पुढं मेणाचा काळा थर. कुशाबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन दसऱ्यानंतर. दुसऱ्याकडून वाचून घ्यायला मन होईना. बापाला पहिल्यांदा बघायचं तर आपल्याच डोळ्यांनी. त्यानं ते माळ्यावर ठेवलं, बायकोलाही सांगितलं नाही.

घटस्थापनेआधी रत्नाबाईनं दसरा काढला. गोधड्या, भांडी, डबे, सगळं ओढ्यावर नेलं. एरवी चामड्याला हात न लावणारी ती बाई, पण नवऱ्याला बरं वाटावं म्हणून तिनं तोस्तानंही सोड्याच्या पाण्यात भिजवली, आतून-बाहेरून ब्रशनं घासली आणि उन्हात वाळत घातली. कुशाबा आला तशी कौतुकानं म्हणाली, "लई काळं निघालं बघा."

कुशाबानं एकेक उचलून पाहिलं. झाकणं पापडासारखी वाकली होती आणि आतून सगळी कोरी. त्यातलं ते कुठलं, हेही ओळखू येईना. तिला बोलून काय उपयोग? चूक त्याच्या तोंडाची होती, वेळेवर न उघडलेल्या. तो तिथंच दगडावर बसला आणि बापासाठी आयुष्यात पहिल्यांदा रडला.

पुढं डोळे झाले, लख्ख दिसू लागलं. जुन्या बाजारात तो परत गेला नाही. एकदा सुनेनं माळ्यावरच्या तोस्तानांकडं बघून सहज विचारलं, यातलं तुमच्या वडलांचं कोणतं?

"आदी कंचंबी असंल वाटायचं," कुशाबा म्हणाला. "आता कंचंच न्हाई."