एकच शिडी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, न्हावा शेव्याजवळच्या एका यार्डात सुपरवायझर होते. केमिकल वाहून आणणारे टँक रिकामे झाले की त्या यार्डात धुवायला येतात. चौकटीत आडवी ठेवलेली मोठी लोखंडी पिंपं, वर माणूस जेमतेम मावेल असं एक गोल झाकण. बहुतेक धुणं मशीन करतं, पण तळाला चिकटलेलं काही राहिलं तर माणसाला आत उतरून खरवडावं लागतं. आत वास येतोच असं नाही. हवेतला ऑक्सिजन संपलेला असतो आणि उतरणाऱ्याला ते कळत नाही. दोन-तीन श्वासांत माणूस बसतो आणि मग उठत नाही.

दाजींनी असं एक मरण पाहिलं होतं. त्याबद्दल ते घरी बोलत नसत. ताई सांगायची, त्या आठवड्यात त्यांनी घरातल्या पाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा तिला उघडू दिलं नाही.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचा इंजिनिअर होतो. कारखाना गुजरातला हलला आणि मी खांदेश्वरच्या भाड्याच्या घरात बसून राहिलो. एका रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. उरणकडच्या त्यांच्या गावात शेतीची जमीन आता नावालाही उरलेली नाही, चहूबाजूंनी गोदामं उठली आहेत. जेवताना दाजींनी सहज विचारलं, “तुमच्या त्या हवा तपासायच्या गॅस मीटरात आत काय असतं?”

मी सांगितलं. मग म्हणालो, “पण तुमच्याकडे मीटर आहेत ना?”

“हायत. कपाटात हायत. पोरं इसरतात. इसरत नायत, कंटाळा करतात.” त्यांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. “शिडी मात्र कोन इसरत नाय. शिडीबिगर उतरनार कसं?”

मला तिथेच कळलं त्यांच्या मनात काय आहे ते. सेन्सर शिडीच्या पायात बसवायचा. शिडी आत सोडली की तळाची हवा आपोआप मोजली जाणार, आणि हवा वाईट असेल तर वरच्या टोकाला बसवलेला भोंगा वाजणार. वेगळं काही आठवणीने करायला नको. त्या संध्याकाळी आम्ही ताईच्या ओट्यावर खडूने शिडी काढली. ताईने ती आठवडाभर पुसली नाही.

सरकारच्या नवउद्योगांच्या योजनेतून अनुदान मिळतं, हे मला कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं. एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्यासाठी केंद्र होतं. चकचकीत फर्निचर, भिंतीवर इंग्रजी सुविचार आणि फुकट कॉफीचं मशीन. केंद्राच्या मॅनेजर मॅडम तरुण होत्या, मनापासून काम करणाऱ्या. त्यांनीच आमच्याकडून सादरीकरण बसवून घेतलं. दाजींना त्यांनी ब्लेझर घालायला सांगितलं होतं. दाजी यार्डाच्या युनिफॉर्ममध्येच आले, कारण थेट ड्युटीवरून आले होते.

निवड समितीत तिघं होते. एकाने विचारलं यात ए.आय. कुठे आहे. दुसऱ्याने विचारलं की देशभर किती टँक धुतले जातात, बाजार किती मोठा. मी जमेल तशी उत्तरं देत होतो. शेवटी तिसरे, वयस्कर गृहस्थ, दाजींकडे वळले. “तुम्ही स्वतः आत उतरला आहात?”

“उतरलोय.”

“कसं वाटतं?”

“आत आपला आवाज लई मोठा येतो सर. बाकी काय नाय वाटत. तेच वाईट हाय, काय वाटत नाय ते.”

आम्हाला मंजुरी मिळाली, आणि अनुदानासाठी आम्ही दोघांच्या नावाने एक छोटी कंपनी नोंदवली. ताईने त्या दिवशी गावच्या देवीला नारळ वाढवला, आणि दाजी पहिल्यांदाच मला ‘पार्टनर’ म्हणाले.

अनुदान टप्प्याटप्प्याने यायचं होतं. पहिल्या टप्प्यात एक चालता नमुना करायचा, तो खऱ्या जागी वापरून दाखवायचा, मग दुसरा टप्पा. सेन्सर बाहेरून मागवावे लागले, त्यातला एक खराब निघाला. रबाळ्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची शिडी घडवून घेतली. टँक धुवायच्या कॉस्टिकच्या पाण्याने पहिला भोंगा गेला, दुसरा टिकला. सगळं होईपर्यंत पहिल्या टप्प्याचे सगळे पैसे संपले होते आणि हातात एकच शिडी होती. पण ती चांगली होती. अजूनही म्हणतो, चांगली होती.

दाजींनी मालकाला पटवून ती यार्डात ठेवली. सुरुवातीला कामगार हसायचे. भोंगा वाजला की कोणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवून उत्तर द्यायचं. हळूहळू हसणं थांबलं. एकदा भोंगा वाजला, टँकमध्ये हवा सोडून तासाभराने परत शिडी टाकली तेव्हाही वाजला. त्या टँकमध्ये त्या दिवशी कोणी उतरलं नाही. दाजींनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाले, “वाजला रे.”

मग प्रदर्शन आलं. नवउद्योगांचं, तीन दिवसांचं, वाशीच्या मोठ्या हॉलमध्ये. मॅडमचा फोन आला. योजनेचे वरिष्ठ येणार होते, नमुना प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय पुढचा टप्पा सुटणार नव्हता. मी विचारलं, व्हिडिओ चालेल का? त्यांनी वर विचारून परत फोन केला. “सॉरी, सर. फिजिकल प्रोटोटाइपच पाहिजे म्हणतात.”

मी टेम्पो घेऊन यार्डात गेलो. दाजींनी शिडी स्वतः पुसून, ताडपत्रीत गुंडाळून टेम्पोत चढवली.

“तीन दिवस काय कराल?” मी विचारलं.

“जुनी हाय ना लोखंडाची. आनि कपाटात मीटर हायत. आता जास्ती करून खाद्यतेलाचेच टँक हायत, उतरायचं काम नाय.” मग म्हणाले, “टेन्शन नको घेऊ. न्हे. दुसरी शिडी झाली पायजे आपली. एकीनं भागत नाय.”

पहिला दिवस बरा गेला. कॉलेजची मुलं येऊन शिडीवर चढून फोटो काढत होती. शेजारच्या स्टॉलवर एक जण कुत्र्यांसाठी ॲप दाखवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वरिष्ठ आले, मागे बराच लवाजमा. मी शिडीचा पाय एका झाकलेल्या ड्रममध्ये सोडला, आत ऑक्सिजन राहू नये म्हणून नायट्रोजन भरलेला होता, आणि भोंगा वाजला. हॉलमध्ये लोक दचकून बघायला लागले. वरिष्ठ हसले, टाळ्या झाल्या. ‘हे खरं इनोव्हेशन,’ असं काहीतरी ते म्हणाले. खिशात फोन थरथरत होता. मी तो तसाच राहू दिला, कारण फोटो चालला होता.

फोन यार्डातल्या क्रेन ऑपरेटरचा होता. मी परत लावला तेव्हा तो म्हणाला, “दादा, तुमी डायरेक हॉस्पिटलला या. घरी नका जाऊ.”

काय झालं ते त्यानेच मला हॉस्पिटलच्या आवारात सांगितलं. सकाळी एक टँक घाईचा आला. जहाज संध्याकाळी सुटणार, टँक त्याआधी धुऊन बंदराच्या गेटमधून आत जायला हवा होता. तळाला काहीतरी गोठून राहिलं होतं. दाजी ऑफिसात दुसऱ्या टँकच्या कागदांवर सह्या करत होते. ओडिशाचा एक कामगार लोखंडी शिडी टाकून आत उतरला. वर उभ्या असलेल्याने हाक मारली तर उत्तर नाही.

दाजी पळत आले. ऑपरेटर म्हणाला की त्यांनी ओरडून टँकमध्ये हवा सोडायचा ब्लोअर मागवला, दोर मागवला, दुसऱ्या एकाला मागे ढकललं, “कोन आत जायचं नाय” म्हणाले. ब्लोअरची वायर पुरेना. वाकून आत बघितलं तर तो माणूस हात हलवत होता. तेव्हा दाजींनी दोर हातात घेतला, मोठा श्वास घेतला आणि स्वतःच उतरले. त्यांनी त्या माणसाच्या काखेतून दोर बांधला. गाठ पक्की बांधली होती. वरच्यांनी त्याला ओढून काढलं. दुसऱ्यांदा दोर खाली सोडला तेव्हा तो धरायला कोणी नव्हतं.

ओडिशाचा माणूस वाचला.

ताई हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन. तिच्या शेजारी मी बसलो. माझ्या अंगात अजून प्रदर्शनासाठी छापून घेतलेला, कंपनीच्या नावाचा टी-शर्ट होता. ती बराच वेळ त्याच्यावरची अक्षरं बघत राहिली, वाचत होती की नुसती बघत होती, कळलं नाही.

दहाव्याला वाचलेला माणूस आला. दाराशी उकिडवा बसला. त्याला मराठी येत नव्हती आणि ताईला हिंदी थोडीच. तिने त्याला चहा दिला. त्याने तो पिऊन कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला. पुढे तो गावी परतला असं ऐकलं.

महिन्याभराने मॅडमचा फोन आला. आमचं प्रात्यक्षिक समाधानकारक ठरलं होतं, टप्पा पूर्ण धरला होता, पुढचं अनुदान मंजूर होतं. “मला कसं सांगायचं कळत नव्हतं, सर,” त्या म्हणाल्या. त्यांचा राग मला कधी आला नाही. कोणाचा यायला हवा होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दाजींचा कंपनीतला हिस्सा ताईकडे आला, म्हणून मी तिला विचारायला गेलो. ती तांदूळ निवडत होती.

“एकच का केली व्हती?” ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिने शिडीचा विषय पहिल्यांदा काढला.

मी सांगितलं, नियम तसा होता. पहिल्या टप्प्यात एक नमुना.

“मग दुसरी कवा व्हनार व्हती?”

“पहिली त्यांना दाखवल्यावर.”

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं. मग पुन्हा सूप उचललं. “कर,” म्हणाली. “आता करून टाक.”

मी दुसरी शिडी केली. तिसरीही केली. पहिल्यांदा त्याच यार्डात गेलो, कारण मला वाटलं, तिथे तरी समजावून सांगावं लागणार नाही. मालकाने अपघातानंतर परदेशी मीटर घेतले होते. त्याने विचारलं, सर्टिफिकेट आहे? नव्हतं. त्यासाठी वेगळी योजना होती, आधी स्वतः चाचणी करून घ्यायची आणि नंतर परतावा मागायचा. चाचणीसाठी आधी घालायला माझ्याकडे पैसे उरले नव्हते. शेवटी मालक खुर्चीत पुढे सरकून हलक्या आवाजात म्हणाला, “खरं सांगू? पोरं हात लावणार नाहीत हिला. शिडी गेली आणि माणूस गेला, असं बोलतात. अपशकुनी मानतात.”

मी क्रेन ऑपरेटरला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, “मानतात दादा.”

दुसऱ्या यार्डांनीही सर्टिफिकेटच विचारलं. वर्षभर फिरलो आणि कंपनी बंद केली. बंद करायलाही ताईची सही लागली. ती आता एका गोदामात पार्सलं स्कॅन करते, उभ्याने, दिवसभर. पाय सुजतात. भाऊबीजेला बोलावते, ओवाळते, जेवायला वाढते. आम्ही तिच्या पोरीच्या कॉलेजबद्दल बोलतो, पाण्याच्या टँकरबद्दल बोलतो. ओट्यावर आता फरशी बसवली आहे.

मला नोकरी मिळाली ती गॅस मीटर दुरुस्त करणाऱ्या एका फर्ममध्ये. पोर्टच्या परिसरातली यार्डं माझ्याकडे असतात. मीटर काढून घ्यायचे, तपासायचे, स्टिकर लावून परत द्यायचे. बहुतेक ठिकाणी ते कपाटातच सापडतात, प्लास्टिकसुद्धा न काढलेले. मी शेरा लिहितो. शेऱ्याचं पुढे काय होतं, मला माहीत नाही.

परवा एका यार्डात मीटर परत करायला गेलो तर समोरच्या टँकवर एक कामगार झाकण उघडून शिडी सोडत होता. मी खालून विचारलं, हवा तपासली का. सुपरवायझर म्हणाला, “साहेब, पाच मिनिटांचं काम आहे. आज खूप घाई आहे.”

मी बॅग खाली ठेवली आणि टँकवर चढलो. मीटरची नळी तळापर्यंत सोडली. आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ तो कामगार माझ्याकडे वैतागून बघत राहिला. हवा ठीक होती. तो उतरला. नळी तशीच आत ठेवून मी झाकणाशी बसून राहिलो. त्याच्या खरवडण्याचा आवाज मोठा येत होता. सुपरवायझरने खालून दोनदा हाक मारली, सही करायची होती. मी म्हटलं, येतो.

तो माणूस घामाने निथळत वर आला, मला ओलांडून खाली उतरला आणि तोंड धुवायला नळाकडे गेला. मग मी खाली आलो.