राहेलची एक दिवसाची झोप

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. देवापाशी तरी बोलला असाल, असं तुम्ही म्हणाल. पण तिथंही मी आडवळणानंच गेलो. "आमच्या चुका पोटात घाल" असं म्हणायचं, आणि सगळ्या मंडळीच्या चुकांच्या ढिगात आपली एक हळूच सरकवून द्यायची. आज मात्र तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो. मला मुद्द्यावर यायला जरा वेळ लागेल, तेवढं चालवून घ्या.

मी मिशनचा उपदेशक. मला आणि माझ्या बायकोला, राहेलला, नगरकडून जव्हार संस्थानात धाडलं तेव्हा आम्ही दोघंही तिशीच्या आत होतो. गावाबाहेर कुडाची शाळा, तिला लागून आमची खोली, खोलीत औषधांची पेटी. पेटी राहेलच्या हाती. सकाळी दारात तापाची माणसं, दुपारी बायकांचा शिवणवर्ग, संध्याकाळी कुठल्यातरी पाड्यावर बाळंतीण. मधल्या वेळात दळण, पाणी आणि माझा स्वयंपाक — मधला वेळ म्हणजे कुठला, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आणि मी? मी सातही दिवस पायांवर. रविवारी तर अंमळ जास्तच. देवानंसुद्धा सातव्या दिवशी हात थांबवले, हे मी असं रसाळ सांगत असे की म्हाताऱ्यांचे डोळे मिटायचे. आणि सांगून झालं की घाम पुशीत पुढच्या पाड्याकडे धाव. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? तीन वर्षांत एका दिवसाचा खंड नाही, हे मी नाशिकच्या वडील पाद्रीसाहेबांना दर पत्रात कळवीत असे. नम्रपणे कळवीत असे. नम्रपणाही मला चांगला जमत असे.

राहेल दळताना गायची. तिसऱ्या वर्षी कधीतरी ते थांबलं. जातं फिरायचं, पण गाणं नसायचं. माझ्या ध्यानात आलं होतं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, बरं झालं, पहाटे प्रवचन लिहायला शांतता मिळते.

श्रावणातली गोष्ट. साखरशेत नावाच्या पाड्यातल्या जानकी म्हातारीच्या नातवाला ताप होता, म्हणून राहेल भल्या सकाळी पेटी घेऊन गेली. दुपार झाली तरी पत्ता नाही. दारात माणसं बसलेली, शिवणाच्या बायका येऊन परत गेलेल्या. मी तणतणत निघालो. वाटेत धुकं असं की पुढचं झाड जवळ गेल्यावरच झाड व्हायचं. खाली कुठंतरी पाणी वाहत होतं, ते दिसत नव्हतं. चालता चालता माझा राग कुठं गळून पडला, कळलं नाही.

पाड्यात आवाज नव्हता. भाताची आवणी अर्धी राहिलेली, रोपांच्या जुड्या बांधावर तशाच, आणि शेतात माणूस नाही. बैल अंगणात बसून रवंथ करीत होते. जानकीच्या पडवीत चटईवर राहेल निजली होती. तोंड किंचित उघडं, एक हात जमिनीवर पडलेला, अंगावर कुणीतरी घोंगडी घातलेली. लग्नानंतर मी तिला दिवसाउजेडी निजलेली प्रथमच पाहत होतो.

"बस, मास्तर," जानकी म्हणाली. "पोराचा ताप उतरला. आज पाळणूक हाय."

पाळणूक म्हणजे आठवड्यातला तो एक दिवस, की काम कितीही पडलेलं असो, शेतात हात घालायचा नाही. या रितीला मी शाळेत शिकवताना अडाणीपणा म्हणत असे.

मी राहेलला हाक मारायला वाकलो. म्हातारीनं माझा हात धरला. "नको उठवू. लय दमेल हाय ती. आज बैलाचे मानेवर जू नाय, तं बाईचे मानेवर कशाला?"

मी बसलो. कुणीतरी नागलीची पेज दिली. धुकं पडवीत यायचं, जायचं. कुठलंसं पोर पुटपुटत होतं, चुलीचा धूर छपरातून सावकाश निघत होता, आणि माझी पाठ कुडाला टेकली. किती वेळ गेला? मी झोपलो होतो की जागा होतो? एवढं आठवतं, की आयुष्यात पहिल्यांदा मला कुठंच जायचं नव्हतं. मी ज्या विसाव्यावर इतकी वर्षं बोलत होतो तो मला त्या पडवीत भेटला, आणि मी घाबरलो.

कशाला घाबरलो? दुसऱ्या दिवशी तापाची माणसं पुन्हा आली. कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कुणी तक्रारही केली नाही. माझ्यावाचून एक दिवस सुखानं गेला होता! गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं की गाडी आपणच ओढतो. मला ते कुत्रं कोण हे कळलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

म्हणून मी नाशिकला पत्र लिहिलं. राहेलनं कामाच्या दिवशी पेटी सोडून दिवसभर झोप काढली, असं. मी स्वतः तिथं पेज प्यालो, हे लिहिलं नाही.

उत्तर आलं. पाद्रीसाहेबांनी लिहिलं होतं की राहेलबाई निजल्या हे फार बरं झालं. तुम्ही दोघं महिनाभर इकडे या, शाळेवर माणूस धाडतो. काम देवाचं आहे, ते तुमच्यावाचून अडणार नाही.

ते शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग पत्र चुलीत घातलं. राहेल भाकरी थापीत होती. तिनं विचारलं, "काय लिहिलंय साहेबांनी?"

मी म्हणालो, "तुझ्यावर नाराज आहेत. पुन्हा असं झालं तर दुसरी बाई नेमतील."

तिनं मान हलवली आणि भाकरी तव्यावर टाकली.

हेच ते. एवढंच सांगायला इतका फिरलो.

नाशिकला आम्ही गेलो नाही; काम सोडवत नाही, असं मी नम्रपणे कळवलं. त्यानंतर राहेल अकरा वर्षं जगली. पुन्हा कधी दिवसा निजली नाही. पाळणुकीच्या दिवशी जानकी तिला "बस ग बाई" म्हणायची, तर ही उभ्यानंच औषध द्यायची आणि निघायची. "साहेबांना आवडत नाही," म्हणायची. हळूहळू तिचे हात कापू लागले, थेंब मोजताना बाटली पेटीवर टेकवावी लागे. मी पाहत होतो. आणि रविवारी विसाव्यावर बोलत होतो.

शेवटच्या आजारात तिनं एका दुपारी मला जवळ बोलावलं. शुद्धीत होती. दार उघडं होतं, घरात आम्ही दोघंच. म्हणाली, "अहो, त्या साखरशेतातल्या दिवसाचं माझ्या मनाला फार लागून राहिलंय. माझ्यामुळं तुम्हाला खाली बघावं लागलं. तेवढी मला क्षमा करा."

सांगायला वेळ होता. सबंध दुपार होती.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "केली."

तिला फार बरं वाटलं.