एका ‘हो’ची तीन वर्षं

चादरीची एक घडी पडली होती आणि दुसरीसाठी समोरचं टोक धरायला घरात कुणी नव्हतं. तेवढ्यात आमची इस्त्रीवाली दारात आली. तिने न सांगता टोक उचललं, ताणलं, आणि तसंच धरून उभी राहिली.

“वहिनी, तुरुंगातून येतेय. त्याने अपिलाला नाही म्हणून ठेवलंय.”

“नाही म्हणाला? तो?” माझ्या तोंडून निघून गेलं.

कारण तिच्या नवऱ्याने जन्मात कुणाला नकार दिलेला नाही. तांब्याच्या तारेच्या गोदामावर तो बारा वर्षं राखणदार. गल्लीत त्याचं नावच पडलंय ‘होसाहेब’. पहिल्या नोकरीत त्याने मुकादमाला एकदाच “का?” विचारलं आणि त्याच संध्याकाळी घरी बसला. तेव्हापासून खुर्चीतल्या माणसाचा प्रश्न संपायच्या आत याचं उत्तर तयार. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी विचारलं, “दारू पिता का?” “हो साहेब.” थेंबाला न शिवलेला माणूस! सोयरीक मोडता मोडता राहिली. हे सांगताना ती पूर्वी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची.

मागच्या वर्षी मालकाच्या भाच्याने भरदुपारी टेम्पो आणला. “फाटक उघड, माल मामाच्या दुसऱ्या गोदामात जातोय.” “हो साहेब.” असं चार वेळा झालं. माल गेला भंगारवाल्याकडे आणि पकडले गेले दोघे. भाचा तिसऱ्या दिवशी जामिनावर घरी. याला जामीन राहणार कोण? सात महिने कोठडीत सडला. ही भेटीला जाऊन जाळीपलीकडून घोकून घ्यायची.

“म्हण, नाही.”

“नाही.”

“जोरात म्हण.”

“नाही साहेब.”

“मी साहेब आहे होय रे, मेल्या?”

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

“हो साहेब.”

“समजून बोलतोयस?”

“हो साहेब.”

“कुणाचा दबाव आहे का?”

“हो साहेब.”

सगळं कोर्ट हसलं. सरकारने दिलेला वकील घड्याळाकडे बघत होता. न्यायाधीश वैतागले. “नीट सांग. दबाव नाही ना?”

“हो साहेब.”

तसं लिहून झालं.

कबूल भाच्यानेही केलं. पण त्याच्या वकिलाने त्याचं ‘हो’ घरूनच सुबक टाइप करून आणलं होतं, म्हणून तो पश्चात्ताप ठरला. वय कोवळं (सव्वीस!), घर चांगलं, पुढे परीक्षा. चांगल्या वागणुकीची हमी लिहून दिली आणि मोकळा झाला. याला मात्र न्यायाधीश म्हणाले, “कुंपणानेच शेत खाल्लं.” तीन वर्षं.

बाहेर मालकीणबाई हिला म्हणाल्या, “रडतेस काय? तीन वर्षं त्याला आयतं जेवण. तुझं एक ताट घासायचं वाचलं.” आणि गाडीत बसता बसता, “आमचे कपडे उद्या घेऊन जा गं, साठलेत.”

हिने नेले. भाच्याचे शर्टही त्यातच होते. पोट कुणाला नाही म्हणू देतं?

“देव बघतोय गं,” मी म्हटलं.

“बघतो ना, वहिनी. त्या दिवशी सगळेच बघत होते.”

मी चादरीचं माझं टोक तिच्या टोकाला जुळवलं.

नव्या वकिलाने तिला सांगितलंय, की कबुली दिल्यावर अपिलात शिक्षा कमी करून मागता येते, बाकी काही नाही. मुदत तीस दिवसांची. अठ्ठावीस गेले. आज ती त्याची सही घ्यायला तुरुंगात गेली, तर तिथल्या कारकुनाने रजिस्टरच पुढे केलं. ‘अपील करण्याची इच्छा नाही.’ खाली त्याची वाकडीतिकडी सही. कारकुनाने सगळ्यांना रांगेत उभं करून एकच प्रश्न विचारला होता, “अपील करायचं नाही ना?”

बाकीचे “करायचंय” म्हणाले. हा म्हणाला, “हो साहेब.”

तिने जाळीपाशी त्याला विचारलं, “अरे, कशावर सही करतोय ते तरी विचारायचंस!”

“साहेब घाईत होते गं.”

मग ती त्याला नको नको ते बोलली. मुडदा म्हणाली, दगड म्हणाली, तुझ्यापेक्षा विधवा बरी म्हणाली. शेवटी म्हणाली, “तुला इथेच राहायचंय का?” तो बघत राहिला. त्याचे ओठ हलले तशी ती घाबरली आणि उत्तर ऐकायच्या आत निघून आली. घाईत वकिलाने दिलेला अपिलाचा कागद सहीविनाच पिशवीत राहिला.

मी रोज रात्रीच्या प्रार्थनेत त्या माणसासाठी न्याय मागते. आज म्हटलं, देवा, न्याय राहू दे, त्याला एकदा ‘नाही’ म्हणता येऊ दे.

उद्या भेटीचा वार नाही. म्हणून सकाळी आधी तिला तुरुंग अधीक्षकांच्या कचेरीत जायचंय, खास भेटीची परवानगी मागायला.