आयताचा कर्ण

तुळजाअक्का मला कधीच आवडल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको. हातात कागद आला की आधी त्याची घडी घालून कोपरे जुळतात का ते बघणार. मग ती मुख्याध्यापिकांची सूचना असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर इडली बांधून आणलेला कागद. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पाठाच्या टाचणाचीही घडी घातली. न वाचता!

राजाजीनगरच्या आमच्या शाळेत त्या पंचवीस वर्षं गणित शिकवत होत्या. घराणं कित्येक पिढ्या या कन्नड मुलखातच मुरलेलं, त्यामुळे मराठीत कन्नड सहज मिसळायचं. मी नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून आलेली. "पुण्याच्या बाई बोलतात झकास. हात कुठे हलतात?" हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत, तेही भर स्टाफरूममध्ये.

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यासाठी मुख्याध्यापिकांसमोर सातवीला सममितीचा एक पाठ घ्यायचा होता. फळ्यावर मी आयत काढला, मधून एक उभी, एक आडवी रेषा मारली आणि घाईघाईत दोन्ही कर्णही ओढले. म्हटलं, "या चारही सममितीच्या रेषा."

मुख्याध्यापिकांसोबत पाठ बघायला मागच्या बाकावर बसलेल्या अक्कांनी शेजारच्या मुलीला वहीचं पान दिलं. "पुट्टी, मिस सांगतात तशी घडी घालून बघ."

पोरीनं कर्णावर घडी घातली आणि पान उंच धरलं. "मिस, कोपरे बाहेर येतायत!"

वर्ग फिदीफिदी हसला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. नोकरी कायम होणं वर्षभर लांबलं. वर त्या वर्षात अक्कांच्या तासाला मागे बसून शिकायचं, असा हुकूम सुटला. जखमेवर मीठ!

मी दातओठ खात बसायची. मुलं अर्धी रांगोळी काढत आणि कडेला आरसा उभा धरून उरलेली बघत. फरशीवर पुठ्ठ्याचा त्रिकोण सरकवत, फिरवत, उलटा करत. कुणी "असंच असणार" म्हटलं की अक्का गुरकावत, "तोंडाला कुणी विचारलं? हाताला विचार!" शिकवणं चोख होतं, नाही कोण म्हणतं? पण जिभेला हाड नव्हतं. वर्षाअखेर माझी नोकरी कायम झाली. त्यांनी अभिनंदन केलं नाही, मी पेढा दिला नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण नेमकं माझ्याच गळ्यात पडलं.

"अक्कांनी मला धाकट्या बहिणीसारखं सांभाळलं..." मी सुरुवात केली.

खुर्चीतून आवाज आला, "स्वल्प थांबा, बाई. घडी घालून बघितलंत?"

सगळे हसले. अगदी त्या दिवशीसारखेच. मग मात्र माझा तोल गेला.

"नाही सांभाळलंत! मला बाजूला बोलावून सांगता आलं असतं. भर वर्गात माझी शोभा केलीत. ते मी आजवर विसरलेले नाही!"

अक्कांनी हातातली कार्यक्रमपत्रिका दुमडली आणि कोपरे निरखून पाहिले.

"सरी, बरोबर," त्या म्हणाल्या. "आता जुळलं. चुकलं माझं."

बस, एवढंच. हार घेतला आणि रिक्षात बसून घरी गेल्या. पुन्हा आमची भेट नाही.

आजही त्यांची आठवण आली की माझं डोकं फिरतं. पण आयत शिकवायचा असला की फळ्याकडे वळण्याआधी मी मुलांना कागद वाटते. आणि नव्या शिक्षिकेचं काही चुकलं, तर तिला आधी व्हरांड्यात बोलावते.