पांढरे दगड

तिचा आवाज लहानपणापासूनच मोठा. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात नवऱ्याने सांगितलं होतं, "अगं, हळू. मी इथेच बसलोय, पलीकडच्या गावात नाही." ती ऐकणाऱ्यातली नव्हती. धक्क्यावर फाटकी जाळी मांडीवर घेऊन बसली की हात जाळ्यावर आणि तोंड कुणाच्या तरी नावाने चालू. बहुतेक वेळा तिच्याच गावात येऊन राहिलेल्या धाकट्या भावाच्या नावाने, कारण तो तसाच वागायचा.

भाऊ मच्छीमाराच्या पोटी जन्मला खरा, पण त्याला होडी लागायची. शेवटी त्याने समुद्राला रामराम ठोकला आणि किनाऱ्यावरच्या गावांना जोडणाऱ्या पायवाटेवरून शहरातल्या लोकांना फिरवायचं काम धरलं. बसने लांबच्या गावी जायचं आणि तिथून चालत परत यायचं; तीन दिवसांची वाट, फारसा चढ-उतार नाही, रोज संध्याकाळी नवं गाव. नेमका त्याचा पाय मुरगळला आणि चार माणसं दारात उभी.

"ताई, तू जा ना. तुला वाट पाठ आहे. नुसतं पुढे चालायचं."

"नुसतं? आणि माझी जाळी कोण बघणार, तुझा पाय?"

बडबडत का होईना, गेली. पहिल्याच दिवशी त्या चौघांतल्या उंच बाईने गोड हसून सांगितलं, "मावशी, आम्ही शांततेसाठी आलोय हो." झालं. तिच्या तोंडाला कुलूप लागलं. दुसऱ्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये बायका मासे साफ करत होत्या, थंड पाण्याने बोटं सुजलेली. उंच बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "किती साधं, निवांत आयुष्य!" हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गप्प राहिली. माणसं वाईट नव्हती, याचाच तिला जास्त राग येत होता.

तिसऱ्या दिवशी सांजावताना ते तिच्या गावाजवळच्या, समुद्रात शिरलेल्या टोकाशी आले. या टोकाखालचा समुद्र खडकांनी भरलेला. होडीला आत यायला एकच चिंचोळी वाट, आणि ती ओळखायची खूण म्हणजे दोन पांढरे दगड. एक पाण्याच्या काठाशी, दुसरा वर उतारावर. समुद्रातून हे दोन्ही एकावर एक दिसले की होडी सरळ आत घालायची, नाहीतर नाही. सासरे गेल्यापासून दोन्ही दगडांना चुना लावायचं काम तिचंच. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नसे.

वळण घेतलं आणि ती जागीच थांबली. वाटेच्या कडेचे सगळे दगड पांढरेशुभ्र. टोकाला वळसा घालून पार खालपर्यंत. हे भावाचंच काम, तिला लगेच कळलं.

"अय्या, किती सुंदर!" उंच बाई म्हणाली.

धुरकट उजेडात नवऱ्याची होडी परत येत होती. होडीचं नाक भलत्याच पांढऱ्यावर रोखलेलं होतं आणि त्या पांढऱ्याच्या पुढ्यात पाण्याखाली खडक होता.

तिने पाठीवरचं ओझं टाकलं. धडपडत, गुडघे फोडून घेत ती काठाच्या खऱ्या दगडापाशी पोचली आणि तीन दिवसांचं साठलेलं बाहेर आलं. भाऊ, त्याचा पाय, त्याचा चुना, त्याची अक्कल, कुणाला म्हणून सोडलं नाही. वर चौघंही तोंड उघडं टाकून ऐकत राहिले.

समुद्रात यंत्राचा आवाज बंद झाला. होडी जराशी डुलत राहिली. मग यंत्र पुन्हा सुरू झालं, नाक हळूहळू वळलं आणि होडी दोन दगडांच्या रेषेत आत आली.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा भाऊ लंगडत समोर आला. "ताई, मी फक्त वाटेकडची बाजू रंगवली. समुद्राकडची तशीच ठेवलीय. एवढं कळतं मला."

"टोकाशी वाट वळते ना रे? तिथे वाटेकडची बाजू कुठे बघते?"

भावाने मनात ती वाट चालून पाहिली असावी. त्याचा चेहरा पडला. "लोकांची वाट चुकू नये म्हणून..."

"आणि तुझ्या भावोजींची चुकली तर?" एवढं म्हणताना तिचा आवाज चिरकला. घसा पार बसला होता.

नवरा धक्क्यावर चढला. "सगळीकडे पांढरंच," तो मेहुण्याला म्हणाला. "यंत्र बंद केलं. म्हटलं, खडकावर लाट कुठे फुटतेय ते ऐकू. तर ही ऐकू आली. ही उभी राहिली तर आपल्या दगडापाशीच राहणार, हे मला ठाऊक."

तिला अजून खूप बोलायचं होतं. भावाला, त्या उंच बाईला, आणि अंधारून येईपर्यंत बाहेर राहिला म्हणून यालाही. ओठ हलले, पण आवाजच फुटला नाही.

नवरा जवळ आला, कान पुढे केला.

"अगं, मोठ्याने बोल," तो म्हणाला.