न उतरलेली दरी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे नकाशा चुकू नये, ही धास्ती मला इतर मुलांपेक्षा जास्त असावी. सह्याद्रीच्या एका निर्जन घाटात आठ दिवस प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरची नकाशाची फळी, खांद्यावर वाहत आम्ही वर्गातल्या मुलांनी मोजणी केली होती. ज्याचा नकाशा उत्तम, त्याला सर मोजणीखात्यातल्या नोकरीसाठी पत्र देणार होते. शेवटच्या दिवशी एका दरीत उतरायचं माझं राहिलं. पाय उचलतच नव्हते. परळला परतल्यावर तिथल्या उंचीच्या रेषा मी अंदाजाने ओढून टाकल्या. पूर्ण नकाशात तोच भाग सर्वांत सुबक दिसत होता.

नकाशा पुरा करत होतो त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. गिरणी बंद, म्हणून बाबा दिवसा घरी. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "काय रे नकाशेवाल्या, मुंबई आपल्यात घेतलीस ना?" मी नकाशाची चौकट ओढत राहिलो.

बाबा शेजारी येऊन बसले. त्यांचं गाव त्याच घाटाच्या पायथ्याशी; लहानपणी ते तिथे गुरं राखायचे. नकाशात उत्तर वर असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद फिरवून घाट वर आणि कोकण खाली घेतलं. मग बोट फिरत फिरत नेमकं त्या दरीवर थांबलं.

"हंयसर कडो आसा. आमचो पाडो चरता चरता पडललो थंय. तू खंयसून उतरलंस?"

"उतरूक नाय, बाबा."

"मगे ह्यो रेघो कित्याक?"

मी पेन्सिल उचलली. "तुमी सांगा, मी काढतंय."

"माका आठवता ता पोरपणातला. तू बघ, मगे काढ."

रेषा खोडताना कागद खरवडला. तिथे मी 'येथे गेलो नाही' असं लिहिलं आणि नकाशा तसाच सरांना दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "अर्धवट नकाशावर पत्र कसं देऊ?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पत्र दुसऱ्याला मिळालं.

शिमग्याला बाबा गावी निघाले, तेव्हा कॉलेजातून प्लेन टेबल मागून घेऊन मीही त्यांच्याबरोबर निघालो. आता ती दरी नोकरीसाठी मोजायची नव्हती. खांदा मात्र अजून दुखत होता.